नॉर्वेचे नार्वेकर

मी एका माणसाचं आडनाव चुकीचं 'दुरुस्त' केलं आणि ते आजतागायत कुणाला पुन्हा दुरुस्त करता आलेलं नाही. एसटीचा कंडक्टर आमच्या वाटूरच्या अलीकडे बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगपाशी घंटी ओढतो आणि ओरडतो, "चला, नार्वेकर! नार्वेकरवाले उतरा!" नवी सून नाहीतर नवा तलाठी हमखास विचारतो, हे नार्वेकर कोण? कोकणातले पुढारी का? मी खिडकीबाहेर बघते.

तेव्हा मी शाळेत मराठी शिकवत होते. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, आणि शुद्ध मराठीचा सगळा भार परमेश्वराने माझ्या एकटीच्या खांद्यावर टाकलाय अशी माझी ठाम समजूत होती. भाजीवालीच्या पाटीवरची 'मेथि' मी खडूने दीर्घ करत असे आणि मगच जुडी घेत असे. लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्वदीर्घ, मग तारीख. सगळं गाव मला 'बाई' म्हणायचं, म्हणून आमचे हेसुद्धा बाईच म्हणत. "बाई, एखाद्याच्या मयताची चिठ्ठी आली तरी तू आधी लाल पेन हुडकशील," असं ते चारचौघांत सांगत आणि मला ती स्तुती वाटे.

अशात एक दिवस आमच्या शाळेच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे माझाच जुना विद्यार्थी.

"बाई, नारवेचे सर येऊन राह्यले. पोरींना चाकाच्या बुटावर पळायला शिकवणार हायेत. हिवाळाभर मुक्काम हाय. तुमच्या माडीवरच्या दोन खोल्या द्या."

"नार्वेचे नव्हे रे. नार्वेकर."

"न्हाई बाई, ते नारवेचे..."

"माणसाच्या आडनावाची अशी मोडतोड करू नये. नार्वेकर म्हण."

ह्या मुलाला 'आणि' दीर्घ लिहिला म्हणून मी एकेकाळी बाकावर उभं केलं होतं. मोठा अध्यक्ष झाला तरी ती भीती गेली नव्हती. "तुम्ही म्हणताल ते बराबर," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

झालं. मी पेंटरला बोलावून जिन्याशी पाटी लावून घेतली: 'श्री. नार्वेकर'. कोकणातला माणूस म्हणजे मासे आणि भात, एवढं माझं भूगोलाचं ज्ञान. आमच्याकडे समुद्र नाही. बाजारातून सुके बोंबील आणले, नारळ आणले आणि तिखट कालवण रटरटत ठेवलं. वास असा सुटला की आमचे हे नाकाला उपरणं लावून गोठ्यात जाऊन बसले. "इथं बरं वाटून राह्यलं," म्हणाले. "शेणाचा तरी वास हाय."

दुपारी जीप आली आणि तिच्यातून एक माणूस उतरला. उतरला म्हणजे उतरतच राहिला, इतका उंच. पांढरेशुभ्र केस, लालगोरा वर्ण, पाण्यासारखे निळसर डोळे. अध्यक्ष मागच्या गाडीत होते, ती फाट्यावर पंक्चर झाली होती. तेव्हा स्वागताला मी आणि गोठ्यातून आलेले हे.

"बाई," हे माझ्या कानाशी म्हणाले, "हे कोकणातले?"

"कोकणातली माणसं गोरी-घारी असतातच."

"आगं, पर इतकी?"

पाहुणे दारात थबकले. त्यांनी डोळे मिटले आणि तो बोंबलाचा वास छातीभर ओढून घेतला. मला भरून आलं. बिचाऱ्याला गावाची आठवण झाली, मी मनात म्हटलं. (झालीच होती. फक्त गाव वेगळं होतं. त्यांच्याकडे मासा थंडीवाऱ्यात काठ्यांवर टांगून वाळवतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं.) पानावर बसले आणि काटेसुद्धा न उरवता जेवले. मी समोर बसून माझ्या सर्वोत्तम मराठीत चौकशी सुरू केली.

"आपण मूळचे कुठले?"

त्यांना 'कुठले' कळलं असावं. छातीवर हात ठेवून म्हणाले, "नॉर्वे."

"ते आलं लक्षात. गाव नार्वे. पण जिल्हा?"

"नॉर्वे," ते पुन्हा म्हणाले.

"हो हो. पण जिल्हा कोणता?"

हे चाललेलं असतानाच अध्यक्ष धुळीने भरून आत आले. "बाई, ते युरोपातले हायेत! बर्फावर पळायच्या शर्यतीत होते. मंग तिकडंच कोच झाले. माझा पोरगा तिकडं शिकायला गेल्ता, त्याची वळख."

"मग फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की," अध्यक्ष खाली बघत म्हणाले. "तुम्ही दुरुस्त केलं."

आमचे हे पुन्हा गोठ्यात गेले. ह्या खेपेला हसायला.

पाटी काढायला पेंटरला बोलावलं तर सरांनीच अडवलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत अध्यक्षांना विचारलं, हे काय लिहिलंय? अध्यक्षांनी ते नाव सांगितलं आणि कसं पडलं तेही सांगितलं. सर इतके हसले की जिन्याचा कठडा धरला. म्हणाले, राहू दे. इथे मी हाच.

मला तेव्हा वाटलं, किती मनमिळाऊ माणूस. नाव टाकायला मिळाल्याचा त्यांना आनंद झालाय, हे समजायला डोकं लागतं. माझं सगळं डोकं वेलांटीत अडकलेलं.

सरांच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. आम्ही मफलर गुंडाळून शेकोटीशी कुडकुडायचो तेव्हा हे अर्ध्या चड्डीत ओट्यावर बसून वारा घ्यायचे. चालताना एक हात कायम पाठीवर. आणि त्यांना उजवीकडे वळता येत नसे! म्हणजे येत असेल, पण आवडत नसे. त्यांच्या बर्फावरच्या शर्यतीत सगळी वळणं डावीकडेच असतात म्हणे. जन्मभर डावीकडे वळलेला माणूस, त्याला चहाच्या टपरीवर उजवीकडे जायचं असलं तर लिंबाच्या झाडाला डावीकडून पूर्ण गरका मारून जायचा. मारुतीच्या देवळात तर उलटीच प्रदक्षिणा सुरू केली. पुजारीबुवा ओरडले, "सर, उलटं चालून राह्यले तुम्ही!" तर सर दोन्ही हात जोडून मारुतीला म्हणाले, "माफ करा. तिकडून पाय येत न्हाई."

हो, 'न्हाई'. माझं दुःख इथेच आहे. वरच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला मराठी शिकवायला खाली मी बसलेली, आणि ते मराठी शिकले कुणाकडून, तर पोरींकडून. 'जल्दी', 'बराबर', 'बिलकुल', 'येऊन राह्यलो'. मी 'येत आहे' म्हणायला शिकवलं की सर म्हणायचे, "हौ बाई, येत आहे. येऊन राह्यलो."

माझ्याकडून त्यांनी एकच शब्द घेतला. पण तो असा घेतला की आज जिल्हाभर झालाय.

जिनिंग बंद पडल्यावर तिचं सिमेंटचं अंगण मोकळंच होतं. तिथे पहिल्या दिवशी पोरींना चाकाचे बूट चढवले. पाहुण्यांची घरमालकीण म्हणून देखरेखीला मी. सर गुडघ्यात खूप खाली वाकले, पाठ आडवी केली, एक हात पाठीवर ठेवला आणि मला खुणेने विचारलं, ह्याला तुमच्यात काय म्हणतात? मी घसा साफ केला. "उकिडवे. उ ऱ्हस्व, कि ऱ्हस्व." मागून सुजाता नावाची एक चुणचुणीत पोरगी बोलली, "उकिडवं, सर!" सरांनी तिचंच उचललं. तेव्हापासून अंगणात एकच गजर: "उकिडवं! आणखी उकिडवं! रेषा येईपर्यंत उकिडवं!"

रेषा म्हणजे शर्यत संपते ती चुन्याची ओळ. तिच्या आधी कुणी पोरगी पाठ सरळ करून उभी राहिली, जिंकत आलेली असली तरी, की हा हसरा माणूस एकदम वेगळाच व्हायचा. ओरडायचा नाही. तिला परत मागे न्यायचा आणि तोच शेवटचा तुकडा पुन्हा पळायला लावायचा. पोरी रडकुंडीला यायच्या. मी विचारलं, "सर, पुढे तर होती ना ती?" सर म्हणाले, "रेषेच्या आधी कुणी पुढं नसतं, बाई."

मी ते फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं. अर्थ कळला नाही, पण शुद्धलेखन निर्दोष होतं.

एकदा माझ्याबरोबर शाळेतून येताना सर हरभऱ्याच्या रानाशी थांबले. सुजाताची आई आणि चार बाया खुरपत होत्या. उकिडव्या बसून, बसल्या बसल्याच बाजूला सरकत. सर बांधावर वाकून बघत राहिले. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"बाई, ह्यांचं काय हरवलं का?"

"ते तुमचे पाय बघतायत," मी म्हटलं, आणि ते किती वाईट वाक्य आहे हे म्हणून झाल्यावर कळलं. घाईघाईने समजावलं की असं बसायला त्यांच्या देशात पोरांना वर्षानुवर्षं शिकवावं लागतं.

"असं बसायला?" सुजाताच्या आईने खुरपं पुढे केलं. "मंग बघून काय राह्यले सर, लागा की!"

सर लागले. मन लावून एक अख्खी ओळ खुरपली. सुजाताच्या आईने मागे वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आवो सर, गवत ठिवलं आन् हरभरा काढला!" पुढे कितीतरी दिवस ती भेटली की विचारायची, "काय सर, आज काय उपटलं?"

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग मी त्यात लक्ष घातलं.

त्याचं असं झालं. कुठल्याशा कारखान्यात यंत्र बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर फाट्यावर चहाला थांबला होता. त्याने सरांना पाहिलं आणि पेला ठेवून धावलाच. सरांचा हात दोन्ही हातांत धरला, बरंच काही बोलला, मान हलवली, पाठीवर थोपटलं, फोटो काढला आणि गेला. मी शेजारीच, कोथिंबीर निवडून घेत होते. सर घरी आले ते सरळ माडीवर. जेवायलाच खाली आले नाहीत. बोंबील केलेत म्हणून सांगितलं तरी नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मी खोदून विचारलं. सर शब्द शोधत म्हणाले, "तिकडं समदे मला ओळखतात, बाई. दुकानात, बसमधी, डॉक्टरकडं. म्हंजे मला न्हाई. एक शर्यत ओळखतात. इथं मी नार्वेकर. इथं बरं हाय. ती शर्यत इथं आली, तर मी घरी जाणार. बिलकुल."

इतकं स्पष्ट आमच्या ह्यांनीही मला कधी काही सांगितलं नव्हतं. पण मी काय ऐकलं? विनय! केवढा हा विनय! आपल्याकडे थोर माणूस 'सत्कार नको' म्हणतो तो सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून. माझ्या स्वतःच्या सत्काराला मी तीनदा 'कशाला, कशाला' म्हणाले होते आणि शालीचा रंग आधीच जाऊन बघून आले होते. तेव्हा सर 'बिलकुल' म्हणाले म्हणजे सत्कार दणक्यात झाला पाहिजे, हे मी ठरवून टाकलं.

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना पकडलं. रेंज फक्त आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकलं तर. तिथे त्यांच्या मोबाइलवर ती शर्यत सापडली. जुनी, धूसर. पांढरं मैदान, लाखभर टोप्या, आणि काळ्या घट्ट कपड्यांतला एक तरुण असा चालला होता की जमीन त्याला अडवायचं विसरली असावी. सर! पाठीवर हात, वळणावर डावीकडे झुकलेले, सगळ्यांत पुढे. माझ्या अंगावर काटा आला. आणि नेमकं तेव्हाच चित्र थांबून ते गोल गोल फिरणारं चक्र आलं.

"रेंज गेली, बाई. पुढचं उद्या बघू."

"पुढचं काय बघायचंय? पुढे आहे तो पुढेच राहणार."

"तरी पण, स्नेहसंमेलनात लावायच्या आधी एकदा अख्खी..."

"तुम्ही जालन्याहून ती उतरवून आणा. मला निवेदन लिहायचंय."

निवेदनाचं शीर्षक मी ठेवलं होतं 'हिमभूमीचा हिरा'. आज ते आठवलं की मी एकटी असले तरी पदर तोंडावर घेते.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी जिनिंगच्या भिंतीला पांढरा कपडा ताणला होता. दिवस मावळला तसं अंगण भरलं. पोरी पुढे, बाया मध्ये, पुरुष भिंतीवर चढून. सरांना वाटलं, पोरींचे नाच आहेत. मी त्यांना शाल घातली, हातात श्रीफळ दिलं, शेजारी बसवलं आणि माइकवर अशी काही संस्कृत मराठी बोलले की मागून कुणीतरी म्हणालं, "आता लावा की ओ, थंडी वाजून राह्यली."

पडद्यावर बर्फ आलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ओट्यावर बोलले होते तेव्हा पाहिलं होतं तसंच, नीट, समजावून सांगणाऱ्या माणसासारखं. त्यांची बोटं नारळावर घट्ट झाली. तोवर अंगण पेटलं होतं. "सर हायेत ते! आमचे सर! बघ किती उकिडवं!" पोरी उड्या मारत होत्या.

मी रात्रंदिवस निबंध तपासलेली बाई, पण शेवटचा परिच्छेद न वाचता मी हा निबंध गावापुढे ठेवला होता, हे मला त्या शेवटच्या वळणावर कळायला लागलं. सर पुढे होते. समोर रेषा दिसत होती. आणि पडद्यावरच्या त्या तरुणाची पाठ किंचित, अगदी किंचित वर यायला लागली.

ते आधी दिसलं सुजाताच्या आईला. ती उभी राहिली आणि रानातून रानात हाक मारतात तसल्या आवाजात ओरडली, "आवो सर, उकिडवं! उकिडवं ऱ्हावा!"

मग पोरी. मग सगळ्या बाया. मग भिंतीवरचे पुरुष. "उकिडवं! नार्वेकर, उकिडवं! आजून रेषा न्हाई आली!" अख्खं वाटूर त्या कपड्यावर ओरडत होतं. माझा आवाजही त्यात होता आणि मी काय ओरडत होते ते ऱ्हस्व होतं की दीर्घ, कुणास ठाऊक.

तो तरुण उभा राहिला. त्याने हात वर केला. हसला. शेजारून दुसऱ्याचा पाय पुढे आला आणि आधी रेषेपलीकडे गेला.

त्यांचा देश इतकी वर्षं ह्यांना कशासाठी ओळखतो, ते आता सगळ्यांना कळलं होतं. मला दिसत होती ती माडीवरची रिकामी खोली, नि हे सिमेंटचं अंगण पुन्हा मोकळं, नि बूट घेऊन बसलेल्या पोरी. हे सगळं मी केलं होतं, सुवाच्य अक्षरात.

तेवढ्यात सुजाताची आई म्हणाली, "थोडक्यात गेलं, बघा. ओ कॉम्प्युटरचे सर, पुन्हा लावा. ह्या बारीला जल्दी वरडू."

आणि कुणी हसलं नाही हो! सगळे तयारीने बसले. कुणी घसे खाकरले. शर्यत पुन्हा लागली. ह्या खेपेला पोरी वळणाच्या आधीपासूनच सुरू झाल्या. शेजारी धप्पकन काहीतरी पडलं म्हणून पाहिलं तर नारळ गडगडत चालला होता, शाल जमिनीवर होती आणि आमचे सर स्टेजच्या कडेला गुडघ्यांत खाली वाकून, एक हात पाठीवर ठेवून, त्या पडद्यावरच्या पोराला लालबुंद होऊन ओरडत होते, "उकिडवं! जल्दी न्हाई उठायचं! उकिडवं!"

पोरगं पुन्हा उभं राहिलं, पुन्हा हरलं. पडद्याला काय कळतंय. पण ह्या वेळी पहिल्यांदा हसू फुटलं ते सरांना. त्यांच्यामागे सगळ्या अंगणाला.

घरी परतलो तेव्हा सर ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. आमचे हे कधी नव्हे ते माझी बाजू घ्यायला जवळ उभे राहिले आणि उपरणं सावरत आत गेले. माफी मागायची मला सवय नव्हती. तिचं शुद्ध रूपही सुचेना. मी एवढंच विचारलं, "सर, बॅग भरायला मदत करू का?"

ते जे बोलले त्यातलं एक अक्षरही मी दुरुस्त केलं नाही.

"बॅग ऱ्हाऊ द्या, बाई. आमच्याकडं समदे नंतर बोलले. तुमचे लोक आधी वरडले."